पहिलं पान गेलेले नकाशे

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबांच्या घरच्या संगणकावरच्या सगळ्या फाइली कुणीतरी कुलूपबंद केल्या आहेत. खंडणीचा व्हायरस. ऑफिसात असं घडलं की पहिल्या तासापासून नोंदी ठेवायच्या असा आमच्याकडे नियम आहे: काय दिसलं, काय केलं, काय केलं नाही. घरच्या कामाला तो नियम लागू नाही. पण नोंदीशिवाय मला नीट विचार करता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दुपारी पोहोचले. दार उघडताना बाबा म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला आलीस," आणि लगेच, "चहा टाकलाय." चहा उकळतच होता. म्हणजे ते खिडकीतून रस्त्याकडे बघत असणार.

पडद्यावर काळी पाटी. पैसे भरा, किल्ली मिळवा. रक्कम लिहीत नाही, कारण देणार नाही. इंटरनेटची वायर काढली. डिस्कची हुबेहूब प्रत काढायला लावली. आता जे करायचं ते प्रतीवर. फाइलींची नावंसुद्धा बदलून अक्षरं-आकड्यांची खिचडी केली आहे.

काय गेलं ते लिहायला हवं. बाबा पस्तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. कंपनी बुडाली, लिफ्ट राहिल्या. जुन्या इमारतींतल्या त्या लिफ्टमध्ये येईल त्या मेकॅनिकने आपल्या मनाचे फेरफार केलेले. कंपनीचे छापील नकाशे कधीच निरुपयोगी झाले. निवृत्तीनंतर बाबांनी इमारतीमागून इमारत पालथी घालून प्रत्येक पॅनलच्या वायरिंगचा नकाशा नव्याने काढला. मूळ कागद त्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये, स्कॅन घरी. नकाशा लिफ्टपाशीच राहायला हवा असं त्यांच्या धंद्यात मानतात. पुढे कंत्राटदार बदलले, रंगारी आले, उंदीर तर होतेच. कागद गेले. आता कुठली जुनी लिफ्ट अडली की मेकॅनिक बाबांना फोन करतो. पाठवलेल्या मेलमध्ये मोजकेच नकाशे सापडले. बाकीचे बाबा पेनड्राइव्हवर घालून स्वतः नेऊन देतात. मेल का नाही करत, विचारलं. "तेवढंच बाहेर पडणं होतं."

आईला फोन केला. ती दादाकडे आहे. वहिनीच्या बाळंतपणाला गेली ती बाळ बसायला लागलं तरी तिथेच. म्हणाली, "अगं, त्यांच्याशी माणसं बोलतात ती लिफ्ट बंद पडते म्हणून. त्या फाइली गेल्या तर कोण विचारणार आहे त्यांना? तू, का मी?"

तांत्रिक प्रश्न नव्हता. उत्तर दिलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

शिरकाव कसा झाला ते सापडलं. मेलला जोडलेली फाइल. पाठवणाऱ्याचं नाव माझं, पत्ता भलताच. विषय: "फोटो". कुणाच्या तरी चोरलेल्या पत्तायादीतून नातं ताडून पाठवलेलं; ही जुनी युक्ती आहे.

"पत्ता नाही बघितला?"

"नाव बघितलं."

"मी कधी पाठवते का फोटो?"

"म्हणूनच लगेच उघडलं," बाबा म्हणाले.

नोंद: वापरणाऱ्याला पाठवणाऱ्याचा पत्ता तपासायची सवय नाही.

फाइल उघडून काही दिसेना, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उघडली. मग आणखी एकदा. संगणकाच्या नोंदीत तिन्ही वेळा दिसतात.

बॅकअपची डिस्कसुद्धा कुलूपबंद आहे. ती रविवारी जोडायची, काम झालं की काढून कपाटात ठेवायची, असं मी लिहून भिंतीवर चिकटवलं होतं. कागद जागेवर आहे. डिस्क मात्र कायम जोडलेली.

"विसरलात?"

"विसरलो नाही. तिचा तो निळा दिवा लुकलुकतो ना. घरात काहीतरी चालू आहे असं वाटतं."

बॅकअप निकामी होण्याची कारणं आम्ही ऑफिसात गटवार मांडतो. हे कुठल्याच गटात बसत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाबांनी मला कळवायच्या आधी आठवडाभर त्या लोकांशी पत्रव्यवहार केला होता. पाटीवर संपर्काची खिडकी दिलेली असते, तिथे. पलीकडचा माणूस भाषांतराच्या यंत्रातून लिहीत असावा.

बाबा: "नमस्कार. आपली सूचना वाचली. या फाइली लिफ्टच्या आहेत. आपल्याला त्यांचा काही उपयोग नाही. कृपया परत कराव्यात."

ते: "प्रिय ग्राहक, आपले दुःख आम्हाला समजते. कृपया देय पूर्ण करा."

बाबा: "माझी मुलगी याच क्षेत्रात आहे. तिला विचारून सांगतो."

ते: "मुलगी केव्हा येते?"

बाबा: "तिला सुट्टी मिळत नाही."

ते: "माझी आई पण माझ्याविषयी असे बोलते."

बाबा: "मग एकदा जाऊन या."

यावर दोन दिवस उत्तर नाही. मग पुन्हा प्रिय ग्राहक.

बाबांना सांगितलं की ही माहिती काढून घ्यायची नेहमीची पद्धत आहे. आपलेपणा दाखवायचा आणि घरात कोण कोण आहे ते काढून घ्यायचं.

"पण बोलायला बरा होता," बाबा म्हणाले.

खिडकी बंद केली. माझ्या ऑफिसात आम्ही सहा जण एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसतो आणि शेजारच्याला काही सांगायचं तर लिहून पाठवतो. हे इथे का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, नोंदीत खाडाखोड चालत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पानाकाका आले. बाबांच्या हाताखाली शिकलेले मेकॅनिक. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पाना. आता त्यांचेच केस पिकले आहेत, तरी बाबांना मास्तर म्हणतात.

"काय इंजिनिअर, किती दिवस मुक्काम?"

"काम होईपर्यंत."

"मग सावकाश होऊ दे," म्हणाले आणि बाबांकडे बघून हसले. बाबा हसले नाहीत.

काम अडलं आहे ते असं. दवाखान्यामागच्या पाच मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे. मशीनरूममधला नकाशा कुणीतरी फेकून दिला. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, गुडघे गेलेले. लिफ्ट थांबल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. मालकाने महिनाअखेरीची मुदत दिली आहे. तोवर चालली नाही तर भंगारात, आणि नवी बसवायचा त्याचा विचार नाही.

"आठवून काढता येईल का, मास्तर?"

बाबा सकाळपासून काढतच होते. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद, पट्टी, पेन्सिल. दुपारी त्यांनी कागद बराच वेळ समोर धरला. मग फाडला.

"दारांचं सर्किट जमत नाहीये," म्हणाले. "दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये. बाकी कुठे चुकलं तर लिफ्ट बंद राहील. इथे चुकलं तर माणूस जाईल."

पानाकाका उठले. जाताना जिन्यात मला म्हणाले, "मास्तरांनी कागद फाडलेला मी पहिल्यांदा बघतोय, ताई. काहीतरी कर."

प्रयत्न करते, म्हटलं. याहून जास्त काही म्हणायला आधार नव्हता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आधार सापडला.

काल दिवसभर कुलूपबंद फाइलींचे कच्चे बाइट बघत होते. लहान फाइली पूर्ण गेलेल्या आहेत. पण मोठ्या फाइलींचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडवला आहे. चोरालाही घाई असते: घरातली प्रत्येक वस्तू फोडत बसण्यापेक्षा प्रत्येक खोलीचं दार तेवढं मोडायचं. बाबांचे स्कॅन मोठे आहेत, कारण त्यांनी ते स्कॅनरच्या सर्वांत बारीक रिझोल्यूशनवर केले. स्कॅनर विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं की इतकं लागत नाही. बाबा म्हणाले होते, दोन वायरी एक दिसल्या तर?

फाइलीच्या उरलेल्या भागातून पानांची चित्रं वेगळी काढायचा छोटा प्रोग्राम लिहिला. दुपारी पहिला नकाशा पडद्यावर आला. बाबांच्या हातच्या रेघा, सरळ, एकही जोड नाही.

बाबांना हाक मारली. ते हात पुसत आले, चष्मा लावला, वाकून बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग म्हणाले, "कुठल्या इमारतीचा आहे?"

अडचण हीच आहे. प्रत्येक फाइलीचं पहिलं पान त्या बिघडलेल्या भागात गेलं. आणि इमारतीचं नाव बाबा फक्त पहिल्या पानावर लिहीत. आता शेकडो नकाशे आहेत आणि नाव एकालाही नाही. चुकीच्या इमारतीचा नकाशा बरोबर समजून वापरणं हे नकाशा नसण्यापेक्षा वाईट.

"ओळखता येतील?"

बाबांनी खुर्ची ओढून घेतली. माझ्या शेजारी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दवाखान्यामागची इमारत सापडली. मी नकाशे एकामागून एक दाखवत होते, बाबा मान हलवत होते. मग एकदम बोट काचेवर.

"थांब. ही घंटा बघ. पाचव्या मजल्यावर एक जास्तीची घंटा आहे. बाईंचे यजमान आजारी होते तेव्हा जोडून दिली होती मी. ते लिफ्टमध्ये अडकले तर त्यांना घरात ऐकू यावं म्हणून."

"दुसऱ्या कुठे अशी घंटा नाही?"

"दुसऱ्या कुठल्या बाईंनी मागितली नाही."

मी तेवढ्यावर मान्य केलं नाही. जागेवर जाऊन पॅनलशी ताडून बघायचं असं ठरलं. बाबांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते पानाकाकांना फोनवर सांगत होते, "आमची तपासनीस ऐकत नाही रे, पुरावा मागते." आवाजावरून राग वाटला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मशीनरूम गच्चीवर आहे. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत चढले. थांबण्याचं कारण म्हणून मला त्या त्या मजल्याची माहिती सांगत होते. पानाकाकांनी पॅनल उघडलं. मी छापलेला नकाशा धरून एकेक वायर वाचत गेले, बाबा बोट लावून "आहे" म्हणत गेले. सगळ्या जुळल्या. दोष दारांच्या सर्किटमध्येच निघाला. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट जळलेला. पानाकाकांनी बदलला.

मग बाबांनी प्रत्येक मजल्यावर दार उघडं ठेवून लिफ्ट हलवायचा प्रयत्न केला. कुठेच हलली नाही. न हलणाऱ्या लिफ्टकडे इतक्या समाधानाने बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शिक्षिकाबाई दारात उभ्या होत्या. बाहेर जायचे कपडे घालून, हातात पिशवी. लिफ्ट सुरू होईल की नाही हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"ही मुलगी का?" त्यांनी विचारलं. "हिच्याबद्दल फार सांगता तुम्ही."

"मी कुठे," बाबा म्हणाले.

बाई माझ्यासोबत खाली आल्या. फाटकापर्यंत गेल्या, रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत वळल्या. काही आणायचं होतं का, विचारलं. म्हणाल्या, नाही, काही नाही. पिशवी रिकामीच होती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नावं लावायचं काम जोरात. बाबा एकेक नकाशा किस्स्यासकट ओळखतात. किस्से नोंदवायची गरज नाही, पण एक नोंदवते. बँकेची इमारत: पॅनलमधले दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, उलटे लावलेले. त्या लिफ्टमध्ये मॅनेजर आणि कॅशियर अर्धा दिवस अडकले होते. दोघांचं वर्षभराचं भांडण होतं. दार उघडलं तेव्हा खाली बसून पत्ते खेळत होते. "आणि मॅनेजर मला म्हणतो, डाव संपेपर्यंत बंद करा."

मी हसले. आवाज मलाच अनोळखी वाटला.

या वेगाने काम रविवारच्या आत संपेल. रविवारी सुट्टी संपते. बाबांना तसं सांगितलं.

"रविवारी?" ते म्हणाले. "म्हणजे परवाच्या परवा."

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज वेग एकदम मंदावला. मोजकेच ओळखता आले. बाबा एकेका नकाशासमोर बराच वेळ बसतात, चष्मा पुसतात, "बघितल्यासारखा वाटतो खरा," म्हणतात आणि पुढचा दाखव म्हणत नाहीत. थकवा असावा. पडद्याचा उजेड कमी केला, खुर्चीला उशी लावली. फरक नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आणखी कमी. काळजी वाटल्याने चाचणी घेतली. ऑफिसात एखाद्या मोजमापावर भरवसा टाकण्याआधी आम्ही त्यात उत्तर ठाऊक असलेला एक नमुना घुसवतो. आज मी मधेच बँकेचा नकाशा दाखवला.

बाबा त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. "कुठली बरं ही. उद्या बघू."

दोन दिवसांपूर्वी हाच माणूस हाच नकाशा बघून मला हसवत होता.

बाथरूममध्ये जाऊन आईला फोन केला, नळ सोडून. बाबांच्या विसरण्याबद्दल तिला काही जाणवलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, "विसरणं? माझ्या माहेरच्यांनी लग्नात काय कमी केलं ते अजून क्रमाने सांगतात." मग विचारलं, "तू कधी निघतेस?"

"रविवारी."

"हं," आई म्हणाली. बाळ रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला.

मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. दादाला बाबांसोबत जायला जमेल का, असा निरोप लिहिला. पाठवला नाही अजून.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पानाकाका आले तेव्हा मी आतल्या खोलीत सामान भरत होते. बँकेचा नकाशा पडद्यावर तसाच होता. दार उघडं होतं.

"ये," बाबांचा आवाज. "बघ, तुझी बँक. हे दोन रिले उलटे कुणी लावले रे?"

"मी नाही, मास्तर. तुम्हीच."

"मी? मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. खोटं बोलशील तर डाव संपेपर्यंत बंद करीन."

दोघं हसले. मग पानाकाकांनी आवाज उतरवला. "किती राहिलेत?"

"आहेत अजून."

"मास्तर, उद्या गाडी आहे तिची."

"माहीत आहे मला गाडी आहे ते."

मी सामान भरणं थांबवलं नाही. स्वेटर घडी करून ठेवला, काढला, पुन्हा घडी घातली.

स्मरणशक्तीचा प्रश्न निकालात निघाला. डॉक्टरांची वेळ रद्द केली. दादाचा निरोप पुसला. बाबांना काही विचारलं नाही. विचारून जे उत्तर मिळालं असतं त्यावर मला काही म्हणावं लागलं असतं, आणि त्याची तयारी नव्हती.

रविवार, २३ फेब्रुवारी

संगणक पुसून नव्याने उभा केला. जेवढ्यांना नाव लागलं ते नकाशे त्यावर घातले. एक प्रत कपाटात, एक माझ्याकडे. नाव न लागलेले मी सोबत घेतले. वास्तविक तेही तिथेच ठेवता आले असते.

बाबांना समोर बसवून कार्यपद्धती समजावली.

"राहिलेले नकाशे मी मेलने पाठवीन. मेल आला की लगेच उघडायचा नाही. आधी मला फोन करायचा. मीच पाठवलाय ना, हे विचारायचं. मग फोन न ठेवता उघडायचा आणि इमारत ओळखायची."

"सगळे एकदम पाठवशील?"

"नाही. रोज एक."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळत होते.

"बरेच दिवस चालेल मग हे," ते म्हणाले.

"सुरक्षेच्या दृष्टीने तेच योग्य आहे."

"नाही, तुझ्या क्षेत्रातलं तू बघ. मी आपलं म्हटलं."

डिस्क काढून कपाटात ठेवायला लागले तेव्हा ते म्हणाले, "आता ठेव, ठेव. आता त्या दिव्याचं काही नाही."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ऑफिस सुरळीत. सोमवारपासून रोज एक नकाशा पाठवते आहे. बाबांचा फोन मी कामावरून खोलीवर पोहोचले की येतो. आधी येत नाही. मी पोहोचले आहे हे त्यांना कसं कळतं ते विचारलेलं नाही. सोमवारचा, मंगळवारचा आणि कालचा नकाशा ओळखला गेला. मंगळवारच्या इमारतीचा किस्सा इतका लांबला की माझा भात लागला.

आज फोन आला तेव्हा दिवा लावायचा होता. तशीच बसले.

"तुझ्या नावाने एक मेल आलाय. तूच ना?"

"मीच."

"उघडू?"

"उघडा."

खुर्ची सरकल्याचा आवाज. त्यांचा श्वास ऐकू येत होता, नाकाने घेतलेला, वाकून बघताना घेतात तसा.

दरम्यान माझ्या लक्षात आलं की मी पाठवलेला नकाशा बँकेचा आहे. नावं लागलेल्यांच्या फोल्डरमधून उचलला गेला. अशी चूक माझ्या हातून सहसा होत नाही. दुरुस्ती कळवायला हवी होती. कळवली नाही.

"अवघड आहे गं हा," बाबा म्हणाले. "बघावं लागेल नीट. तू जेवलीस?"

"नाही अजून. सावकाश बघा. मी आहे फोनवर."